जिला मी मशीनवर बसू दिलं नाही

कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या पोरांना पहिली भाषा कोणती शिकवायची, हा विषय आमच्या विभागात दर तीन-चार वर्षांनी निघायचा आणि दर वेळी तो मीच मिटवायचो. मी सी या भाषेचा माणूस. तसा मी फार बोलणारा नाही. चोवीस वर्षांत स्टाफरूममध्ये चहा आणि पेपर यांपलीकडं कशात पडलो नाही. पण हा विषय निघाला की खुर्ची पुढं ओढायचो आणि एक गोष्ट सांगायचो. सोयगावकडची एक मुलगी होती, बारावीला गणितात चांगली, पण सीच्या प्रॅक्टिकलला नापास झाली आणि कॉलेज सोडून गेली. वाईट वाटतं, मी म्हणायचो, पण बघा, हिला हे जमणार नाही हे सीनं पहिल्याच वर्षी सांगून टाकलं. सोपी भाषा असती तर तिची तीन वर्षं वाया गेली असती. चाळणी आधी लागलेली बरी.

लोक माना डोलवायचे. पहिली भाषा सीच राहायची.

ती गोष्ट खोटी होती. मुलगी नापास व्हायच्या लायकीची नव्हती आणि ते मला माहीत होतं. सोळा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. गेल्या महिन्यात सांगितलं. ज्या दहा दिवसांनी ते माझ्या तोंडून बाहेर काढलं, ते दहा दिवस फार आनंदात गेले हेही लिहायला हवं. अपराधी माणसानं खाली मान घालून बसावं अशी अपेक्षा असते. मी तर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत होतो.

झालं असं की यंदा पहिल्या सत्रात काय शिकवायचं ते ठरवायची मोकळीक कॉलेजला मिळाली. आमच्या विभागप्रमुख मॅडम माझ्याहून चौदा वर्षांनी लहान आहेत. त्या वाद घालत नाहीत, करून बघतात.

"सर, वर्ग सुरू व्हायच्या आधी नव्या पोरांचे दहा दिवस आपल्याकडं आहेत," त्या म्हणाल्या. "अर्ध्यांना सी शिकवू, अर्ध्यांना पायथन. दहा दिवसांनी शनिवारी बसू आणि पहिली भाषा ठरवून टाकू."

"चालेल. सीची तुकडी मला द्या."

"सी हे घेतील." त्यांनी आमच्या तरुण सहकाऱ्याकडं बोट दाखवलं. "पायथन तुम्ही."

"मॅडम, मला पायथनचा प येत नाही."

"तुम्ही त्याला खेळणं म्हणता ना सर? मग खेळून तर बघा."

सहकारी फिसकन हसला. आता नाही म्हटलं असतं तर वर्षभर चहाबरोबर तेच ऐकावं लागलं असतं. शनिवारी हे बोलणं झालं आणि सोमवारी सकाळी वर्ग होता. मधे एकच रविवार.

रविवारी जेवण झाल्यावर मुलीचा जुना लॅपटॉप काढला आणि खिडकीशी बसलो. पहिल्या तासाभरात चिडलो. दुसऱ्या तासात एक ओळ लिहिली आणि ती चालली. एकच ओळ! आमच्या सीमध्ये पडद्यावर नुसता नमस्कार उमटवायचा तरी आधी चार-पाच ओळींची पूजा मांडावी लागते, आणि ती पूजा कशासाठी हे मी पोरांना पहिले दोन महिने सांगत नसे. "आत्ता नुसतं लिहा, पुढं कळेल," असं म्हणायचो. इथं पूजाच नव्हती. थेट देवाशी बोलणं. मी दुसरी ओळ लिहिली, तिसरी लिहिली, मुद्दाम एक चुकीची लिहिली. मशीननं चूक दाखवली, मी दुरुस्त केली, चाललं. मी एकटाच हसत होतो.

बायको भांडी आवरून बाहेर आली. "का हो, काय झालं?"

"चाललं."

"काय चाललं?"

"प्रोग्राम."

"चोवीस वर्षं तेच तर करताय."

ती सहज बोलून आत गेली. मी मात्र बसल्या जागी थिजलो. चोवीस वर्षं मी तेच करत नव्हतो. आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये चाळीस प्रोग्राम असतात. ते मला माझ्या सरांनी दिले, मी पोरांना दिले. त्या चाळीसांतला एकही मी स्वतः डोकं लावून लिहिलेला नव्हता. फळ्यावर उतरवून द्यायचे, पोरांनी वहीत उतरवायचे, मी लाल पेनानं सही करायची. नवीन असं मी काही लिहिल्याला किती वर्षं झाली, हे बोटांवर मोजूनही आठवेना. आणि त्या एका दुपारी पंधरा लिहून झाले, वाकडेतिकडे, पण माझे.

मधेच कीबोर्ड मराठीवरच राहून गेला. मी मुलीला मेसेज केला होता, तो तसाच होता. खाली बघून टाइप करायची माझी सवय. वर बघतो तर संख्येचं नाव मराठीत पडलेलं, 'वय'. पुसणार होतो. म्हटलं, चालवून तर बघू. चाललं! आकडे इंग्रजीत लागतात, हुकूमही इंग्रजीत, पण आपण ठेवलेलं नाव मराठीत चालतं. मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेलो. "हे बघ, याला मराठी कळतं."

"त्याला तरी कळू द्या," बायको म्हणाली. "बाजूला व्हा, गॅस चालू आहे."

सोमवारी वर्गात गेलो तेव्हा माझ्याकडं नोट्स नव्हत्या. असं पहिल्यांदाच होत होतं. पस्तीसेक पोरंपोरी, बरीचशी पहिल्यांदाच शहरात राहायला आलेली. फळ्यावर पहिला प्रोग्राम उतरवून द्यायला माझ्याकडं काही नव्हतंच, म्हणून विचारलं, "तुम्हाला या मशीनकडून काय काढून पाहिजे? काही पण सांगा."

मग मागून पाचोडचा एक पोरगा उठला. "सर, आमच्या गावात बाजार कधी ते झोपेत सांगता येतं. रविवार म्हणजे रविवार. पण इथं रूमवर पाणी कधी येतंय तेच कळत नाय."

वर्ग हसला. 

"हसू नका," तो म्हणाला. "पाणी आलं तवा मी कॉलेजात, ॲडमिशनच्या रांगेत. टाकी रिकामी. रूममालकीण म्हणती, तूच ध्यान ठेवत नाहीस."

"किती दिवसांनी येतं?"

"सहाव्या दिवशी."

"आमच्याकडं पाचव्या," सिडकोतली एक मुलगी म्हणाली.

"आमच्याकडं नळच नाही, टँकर," चिकलठाण्याच्या नव्या सोसायटीत राहणारा एक पोरगा म्हणाला.

"मग तू टँकरचं लिही," मी म्हणालो. "चला, सगळ्यांनी आपापल्या गल्लीचं लिहायचं."

शेवटचं पाणी कुठल्या तारखेला आलं ते मशीननं विचारायचं, त्यात दिवस मिळवायचे, पुढची तारीख सांगायची. मी माझ्या मशीनवर लिहिलं आणि ते भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. संख्यांना नावं मराठीत: शेवटचं, पुढचं, दिवस. पोरांनी बघितलं आणि एकच गलका. "सर, मराठीत चालतंय?" "सर, उर्दूत?" "बघ की लिहून!" मी ओरडलो. मी वर्गात ओरडतो तो शांत बसा म्हणून. त्या दिवशी दुसऱ्याच कारणानं ओरडत होतो.

मग मी पाचोडच्या पोराला विचारलं, शेवटचं पाणी कधी आलं? तो म्हणाला, एकोणतीस तारखेला. मी एकोणतीस घातले, दिवस सहा घातले. पडद्यावर आलं: पुढचं पाणी ३५ तारखेला.

मग असा हशा की शेजारच्या वर्गातून सहकारी डोकावून गेला.

"सर, बरोबर आहे मशीनचं," पाचोडचा म्हणाला. "आमच्या गल्लीत पस्तीस तारखेलाच येतं!"

मीही हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. दुसरी कोणती वेळ असती तर आधी घरी तपासून आणलं असतं, आणि वर्गात चूक झालीच असती तर फळा पुसून "हे तुम्ही घरून करून आणा" म्हटलं असतं. पण आता सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता आणि मलाही पुढं काय करायचं ते ठाऊक नव्हतं. महिना संपला की एकपासून सुरू व्हायला पाहिजे, एवढं कळत होतं.

शहागंजमधली एक मुलगी पहिल्या बाकावर होती. उर्दू शाळेत शिकलेली, बोलताना मधेच हिंदीवर जाणारी. तिनं हात वर केला. "सर, मी करू?"

तिनं येऊन एकच ओळ बदलली. तारीख आणि दिवस यांच्या बेरजेतून एक वजा केला, तिसानं भागून बाकी घेतली, मग एक मिळवला. चालवलं. पाच तारीख. टाळ्या पडल्या.

मी ओळीकडं बघत राहिलो. हा एक कशाला वजा केला आणि मग परत कशाला घातला? मला कळत नव्हतं. चोवीस वर्षांचा मास्तर आणि बारावी होऊन आलेल्या पोरीची एक ओळ मला कळत नव्हती. "छान, बस" म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"थांब. मला नाही कळलं. समजावून सांग."

ती घाबरली, तिला वाटलं मी परीक्षा घेतोय. 

"खरंच नाही कळलं," मी म्हणालो.

"सर, तारीख एकपासून सुरू होते ना? बाकी शून्यापासून. तीस तारखेला तिसानं भागलं तर बाकी शून्य येईल. शून्य तारीख कुठं असते? म्हणून पहले एक निकालना, भागणं झालं की वापस डालना." तिनं फळ्यावर महिना गोल काढून दाखवला, घड्याळासारखा. "एकतीसचा महिना असला तर तिथं एकतीस लिहायचं, बस."

मला कळलं. लख्ख कळलं. आनंदानं अंगावर काटा आला आणि त्याच वेळी आठवलं, सोळा वर्षांपूर्वी "मला नाही कळलं, समजावून सांग" हे एक वाक्य मी बोललो नव्हतो.

आता ते सांगतो.

तेव्हा आमच्या लॅबमध्ये मशीन थोडी आणि पोरं फार. त्यामुळं प्रॅक्टिकल परीक्षेला एक रीत होती. प्रश्नांच्या चिठ्ठ्या करायच्या, मुलानं एक उचलायची, प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा, तो आमच्याकडून तपासून घ्यायचा. बरोबर असेल तरच मशीनवर बसायला मिळायचं. आणि बरोबर म्हणजे जर्नलप्रमाणं. पोरं चाळीस प्रोग्राम पाठ करून येत. आम्हाला हे माहीत असायचं, त्यांनाही माहीत असायचं की आम्हाला माहीत आहे.

त्या मुलीला चिठ्ठी आली: दहा मुलांचे गुण घ्या आणि लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमानं छापा. जर्नलमधली पद्धत अशी की शेजारशेजारचे दोन गुण बघायचे, उलटे असतील तर अदलाबदल करायची, असं फिरत राहायचं. तिच्या कागदावर अदलाबदल नव्हतीच.

"अदलाबदल कुठंय?" मी विचारलं.

"सर, लागतच नाही. गुण शून्य ते शंभरच्या आतलेच. म्हणून एकशे एक डबे केले. ज्याला जितके गुण त्या डब्यात एक खडा टाकायचा. शेवटी पहिल्या डब्यापासून बघत जायचं, जितके खडे तितक्या वेळा तो गुण छापायचा. आपोआप क्रम लागतो."

आज हे लिहिताना मला ते दिसतं, किती सुंदर आहे ते दिसतं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की हे जर्नलमध्ये नाही आणि मला कळत नाही. शेजारी जालन्याहून आलेले परीक्षक बसले होते. त्यांच्यासमोर पोरीला "समजावून सांग" म्हणायची मला लाज वाटली. मी कागदावर लाल फुली मारली.

"सर, एकदा चालवून बघू द्या ना," ती म्हणाली. "नाही चाललं तर सोडून देते."

"आधी कागदावर बरोबर पाहिजे. मग मशीन."

"पण सर..."

"नेक्स्ट," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब रिकामी असताना मी तिचा कागद घेऊन बसलो. जशाच्या तसा टाइप केला. चालला. गुण उलटेसुलटे घातले, दोन सारखे घातले, शून्य घातला, शंभर घातले. दर वेळी बरोबर. आमचे लॅब असिस्टंट, ज्यांना सगळं कॉलेज मामू म्हणायचं, ते झाडू बाजूला ठेवून माझ्यामागं येऊन उभे राहिले. ते तिथं वीस वर्षं होते. त्यांना प्रोग्राम कळत नसत, पण चाललेलं आणि न चाललेलं ओळखू यायचं.

"उस बच्ची का है ना सर? कल बहुत रो रही थी. चला क्या?"

मी स्क्रीन बंद केली. "नाही मामू. चुकीचं आहे."

मामू झाडू घेऊन गेले.

गुणपत्रक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये होतं. बदलायचं तर जालन्याच्या सरांना फोन करावा लागला असता आणि सांगावं लागलं असतं की मला कळलं नाही. एक फोन. मी तो केला नाही. पाकीट चिकटवून दिलं.

निकाल लागल्यावर पंधरा दिवसांनी तिचे वडील दाखला घ्यायला आले. मी व्हरांड्यात होतो. टोपी हातात धरून म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा, तिला जमंल का पुन्हा?" मी म्हणालो, "अवघड आहे." ते म्हणाले, "मग कशाला जोर करावा पोरीवर." आणि गेले. पुढच्या मीटिंगला मी तिची गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

शहागंजच्या मुलीनं फळ्यावर तो गोल काढला त्या तासानंतर मी स्टाफरूममध्ये गेलोच नाही. लॅबच्या मागं कडुनिंबाखाली उभा राहिलो. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. सोळा वर्षं वाटायचं की हे बोललो तर मास्तर म्हणून संपलो. आज तीसपस्तीस पोरांसमोर "मला नाही कळलं" म्हणालो आणि काही कोसळलं नव्हतं. उलट पुढच्या तासाला पोरं पाच मिनिटं आधी येऊन बसली.

पुढचे नऊ दिवस काय सांगू! फेब्रुवारी आला की पाण्याचं गणित चुकतं, म्हणून महिन्यांची यादी घातली. यादीतला पहिला महिना शून्य नंबरचा असतो यावर पोरं भांडली. "सर, शून्यापासून कोण मोजतं?" हा प्रश्न मला दर वर्षी यायचा आणि मी दर वर्षी "नियम आहे" म्हणून सांगायचो. या वेळी म्हणालो, "उद्या सांगतो, मला बघावं लागेल." घरी जाऊन बघितलं आणि सीच्या पुस्तकात सापडलं, जे पुस्तक मी चोवीस वर्षं शिकवत होतो. पहिली वस्तू सुरुवातीपासून किती घरं पुढं आहे? शून्य घरं. इतकं साधं. टँकरवाल्या पोरानं सगळ्या सोसायटीच्या फेऱ्या लावून दिल्या आणि त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं नाव झालं. पाचोडच्याचं पाणी सांगितलेल्या दिवशी खरंच आलं. तो वर्गात येऊन म्हणाला, "सर, मालकीण म्हणती, कुठल्या ज्योतिषाकडं गेला होतास?"

सीच्या तुकडीचंही खरं सांगायला हवं. आमचा तरुण सहकारी चांगलं शिकवत होता, पोरांना लगेच मशीनवर बसवत होता, आणि तीही पोरं खूश होती. संख्येनं कमी प्रोग्राम झाले, पण जे झाले ते त्यांचे होते.

शनिवारी अकराला मीटिंग. सातजण. मॅडमनी विचारलं, "सर, बोला. तुमचं नेहमीचं मत आहेच."

"माझं नेहमीचं मत एका गोष्टीवर उभं आहे," मी म्हणालो. "ती आधी दुरुस्त करतो."

मग सांगितलं. डबे, लाल फुली, सकाळची रिकामी लॅब, ड्रॉवर, वडील. थांबावंसं वाटत नव्हतं. उतारावर सायकल सोडावी तसं. संपलं तेव्हा एका ज्येष्ठ मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती गोष्ट मी माझ्या वर्गात सांगितलीय, सर," त्या म्हणाल्या. "दोन पोरींना सांगितलीय, की या कोर्सला विचार करून राहा." मला वर बघवलं नाही. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. माझं खोटं माझ्यापाशी राहिलंय असंच मला वाटत होतं.

मग तरुण सहकारी म्हणाला, "सर, रागावू नका. पण मग सीचा दोष काय? तिचा प्रोग्राम सीमध्येच होता आणि चालला. सीनं तिला पास केलं होतं. नापास तुम्ही केलं."

"बरोबर," मी म्हणालो.

"मग सी काढायची कशाला?"

मी हसलोच. सोळा वर्षांत या विषयावर माझ्यासमोर कुणी इतकं खरं बोललं नव्हतं. "काढू नका. दुसऱ्या सत्राला ठेवा. पण पहिल्या सत्रात पायथन ठेवा, कारण त्यात पोरगं पहिल्याच दिवशी काहीतरी विचारू शकतं. आणि आणखी एक कारण आहे, ते माझं आहे. सीमध्ये मला सगळं येतं असं मला वाटतं. त्यामुळं पोरांचं ऐकायची सवय मोडली. यात मला येत नाही, म्हणून ऐकावं लागतं. पहिलं सत्र मी घेतो."

"म्हणजे पोरांबरोबर शिकणार?" कुणीतरी विचारलं.

"पोरांकडून."

"आणि कागदावर आधी तपासायची रीत?" मॅडम म्हणाल्या.

"ती मात्र काढा. कुठल्याही भाषेसाठी. आधी मशीनवर बसू द्यायचं, मग जे काय विचारायचं ते विचारायचं."

सहा हात वर आले, माझा धरून. चष्मेवाल्या मॅडमनी हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही. इतिवृत्त लिहिताना विभागप्रमुख मॅडमनी पेन थांबवलं. "सर, ते सोयगावचं लिहू का यात?"

"लिहा. लालच पेनानं लिहा हवं तर."

"लाल नाही," त्या म्हणाल्या, आणि निळ्यानं लिहिलं.

ऑफिसमधून तिचा जुना प्रवेशअर्ज काढायला सोमवार उजाडला. त्यावर वडिलांचा मोबाइल नंबर होता. इतक्या वर्षांनी लागेल अशी आशा नव्हती. रिकाम्या वर्गात जाऊन दार लोटलं आणि लावला.

"हॅलो, बोला. कोणता फॉर्म भरायचाय?" बाईचा आवाज. मागं प्रिंटरची घरघर.

मी कोण ते सांगितलं.

"सर? कॉलेजातले? ...थांबा हं. काका, आधारची झेरॉक्स आणा आधी, मग बसा. हां सर. मी इथं सोयगावला ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते. बाबांचाच नंबर दुकानाला लावलाय. कसं काय फोन?"

पाल्हाळ लावलं असतं तर राहून गेलं असतं, म्हणून एका दमात बोललो. तुझा प्रोग्राम बरोबर होता, मी दुसऱ्याच दिवशी चालवून बघितला होता, गुण बदलता येत होते, बदलले नाहीत.

प्रिंटर थांबला.

"माहितीये मला," ती म्हणाली.

"काय माहितीये?"

"बरोबर होता ते. त्याच आठवड्यात औरंगपुऱ्यात सायबर कॅफेत बसून चालवला होता. दोनदा."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला, सर? तपासणारे तुम्हीच होता."

मग तिनं विचारलं, आता पहिल्यांदा काय शिकवणार पोरांना? मी सांगितलं, मीटिंगचंही सांगितलं, तिचं सगळं लिहून घेतलंय हेही. ती "हं, हं" करत होती, मधे एकदा हसली. मी माफीचं काढलं तर तिनं तोडलं.

"ते राहू द्या. माझं एक काम करा."

"सांग."

"बाबा अजून म्हणतात, सरांनीच सांगितलं होतं तुला जमत नाही म्हणून. दुकानात कॉम्प्युटर अडकला की तेच. लई वर्षं ऐकतेय मी. मी सांगून पटत नाही त्यांना. इथंच बसलेत. तुम्ही सांगा."

मी हो म्हणायच्या आत फोन पुढं गेला. "बाबा, घ्या. कॉलेजातून आहे. माझ्याबद्दल."

खुर्ची सरकल्याचा आवाज. मी उभा राहिलो.

"हां, कोण साहेब?"

"काका, मी तिचा सर. तुम्ही दाखला न्यायला आला होता, तेव्हा मी तुम्हाला खोटं सांगितलं. तिला येत होतं."

"येत होतं?"

"हो. सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं."

"मग नापास कुणी केलं?"

"मी."

मागून मुलगी काही म्हणाली, ते त्यांनी "थांब गं" म्हणून थांबवलं.

"का?" त्यांनी विचारलं.

आणि मी पहिल्यापासून सांगायला लागलो.